भाचा विचारायला गेला

चावीकाकूच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की दुकान भरलं. तिसरं आलं तर काकू स्वतः फुटपाथवर जाऊन गिऱ्हाइकाशी बोलते. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची ही खोली. भिंतीभर खिळे, खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके, टेबलावर चावी कापायचं यंत्र आणि सगळ्यावर पितळेची बारीक पूड. ही पूड काकूच्या भुवयांतसुद्धा सापडते. "म्हातारपणी सोन्याची झाले बघा," असं तीच म्हणते आणि तीच हसते.

नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी दुकान विकून टाकायचा सल्ला दिला होता. कुलपं म्हणजे पुरुषांचं काम, असं एका लांबच्या दिराने ऐकवलं. महिनाभरात तोच दीर घराबाहेर अडकला आणि तोंड पाडून दुकानाच्या पायरीशी आला. काकूने त्याचं दार उघडून दिलं, मग त्याच्याच घरात बसून त्याच्याच हातचा चहा मागून प्यायली आणि साखर कमी पडली म्हणून सांगून निघाली. अशी ही बाई. कुलपाच्या कामात तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नाही, आणि हे तिला माहीत आहे.

तोंडाने मात्र ती फटकळ. तरीही एका बाबतीत तिच्या जिभेला लगाम आहे. कुलूपवाल्याला लोकांची घरं आतून दिसतात. कोणाकडे नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, कोणाच्या कपाटात रिकाम्या बाटल्या आहेत, सगळं. त्यातलं अवाक्षरही ती बाहेर काढत नाही. काकू ज्यू. माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलणं, मग ते अगदी खरं का असेना, तिच्या धर्मात मोठं पाप मानतात. बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो, तिघांचंही त्यात नुकसान होतं, हे तिला लहानपणीच आजीने कान धरून शिकवलेलं.

दुसरी न मोडणारी गोष्ट म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तिचं यंत्र थांबतं, ते शनिवारी तारे दिसेपर्यंत. त्या वेळात दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही. फोन नाही, गाडी नाही, आणि कामाच्या हत्याराला तर बोटही लावायचं नाही. "देवाने आठवड्यातून एक दिवस माझ्या हातातली कानस काढून घेतली म्हणून मी अजून जिवंत आहे," असं ती म्हणते. शनिवारी दुपारी ती पाय वर घेऊन बसते आणि काहीही करत नाही. हे काहीही न करणं ती फार मन लावून करते.

शब्बाथला घरातून रस्त्यावर काही वाहूनही न्यायचं नसतं. रुमाल नाही, पिशवी नाही, चावीसुद्धा नाही. मग घर बंद कसं करायचं? इथे काकूची कला. ती कमरेचे पट्टे बनवते, ज्यात चावी हाच पट्ट्याचा आकडा असतो. चावी काढली तर पट्टा लागतच नाही, म्हणजे ती ओझं उरत नाही, अंगावरच्या कपड्याचा भाग होते. तिथल्या थोड्याशा ज्यू घरांतली बहुतेक माणसं काकूचे पट्टे घालतात. रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तेही घालतात.

एक जण घालत नव्हता. काकूचा सख्खा भाचा.

भाचा शाळेत गणित शिकवायचा. लग्न होईपर्यंत चारचौघांसारखा होता, मग कुठूनसं वारं लागलं आणि तो नियमांच्या पुस्तकांत बुडाला. कोणी कप कसा विसळला, कोणी दार कसं लावलं, यावर त्याचं लक्ष. काकू त्याला 'आमचे कायदेपंडित' म्हणायची. तिने त्याच्या वडिलांच्या घराची चावी आकड्यात बसवून एक छानसा पट्टा त्याला नेऊन दिला, तर त्याने तो हातात धरून नुसता उलटसुलट केला.

"आत्या, ही पळवाट आहे."

"पळवाट कसली? रब्बी घालतात!"

"रब्बी घालोत. मला मनाला पटत नाही."

"बरं बाबा, तू राहा तुझ्या मनासारखा," असं म्हणून काकूने पट्टा परत आणला. मनातून तिला लागलं होतं, पण पोरगं वाईट नाही, एवढंही ती जाणून होती. देवाच्या धाकाने माणूस जरा ताठ होतो, वय झालं की वाकेल, असं तिने स्वतःला समजावलं.

भाच्याचे वडील म्हणजे काकूचा थोरला भाऊ. शिंपी होता. दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर, बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. खिडकीशी शिवणयंत्र, शेजारी लाकडी धड, धडावर नेहमी एखादा अर्धवट कोट. कोटाचा खांदा त्याच्यासारखा कोणी बसवत नसे. इमारतीत चोरी झाली तेव्हा काकूने त्याच्या दाराला असं कुलूप बसवून दिलं होतं की हत्तीने धडक मारली तरी उघडू नये. काकूला मूलबाळ नव्हतं. हा भाऊ आणि हा भाचा, एवढंच तिचं गोत.

एका शनिवारी जेवणानंतर भाचा नेहमीप्रमाणे वडिलांकडे गेला. दार वाजवलं. आत काहीतरी धपकन पडलं, मग कण्हण्याचा आवाज आला. "बाबा?" पुन्हा कण्हणं. चावी त्याच्या स्वतःच्या घरी होती, कारण शब्बाथला ती रस्त्याने आणायची नव्हती. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर गेलेले.

दुसरा कोणीही असता तर त्याने दाराला खांदा लावला असता, बोंबा मारल्या असत्या, फोन शोधला असता. भाचा जिन्यावर उभा राहून विचार करू लागला. कुलूप तोडणं म्हणजे काम, ते मना. फोन मना. घरून चावी आणणं मना. जीव धोक्यात असेल तर सगळं चालतं हे त्याला ऐकून माहीत होतं, पण जीव खरंच धोक्यात आहे का? बाबा नुसते घसरून पडले असले तर? आपल्या मनाने ठरवून शब्बाथ मोडला आणि ते चुकीचं निघालं तर? शेवटी त्याने ठरवलं की रब्बींना विचारावं. तो जिना उतरला. शब्बाथला घाईघाईने धावू नये असंही कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो धावला नाही. भरभर चालला.

रब्बी पुलापलीकडे राहायचे. दार उघडल्यावर भाच्याने सुरुवात केली, "रब्बी, एक शंका होती..." आणि सगळं सांगितलं. रब्बींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्यांनी त्याला बाजूला ढकललं, आत जाऊन फोन उचलला आणि रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. ज्या माणसाने आयुष्यात शब्बाथला दिव्याचं बटण दाबलं नव्हतं, तो फोनवर ओरडत होता. मग ते भाच्याला म्हणाले, "घर लांब पडेल, आत्याकडे जा. ती कुलूप उघडेल. धाव! धाव म्हणतो ना!" आणि स्वतः सपाता घालूनच रस्त्यावर आले, एक अनोळखी गाडी हात करून थांबवली आणि पुढच्या सीटवर बसून निघाले. प्रार्थनाघरातून परतणाऱ्या लोकांनी ते पाहिलं आणि सगळे जागच्या जागी थिजले.

काकू घरी पाय वर घेऊन बसली होती. भाचा धापा टाकत आत आला.

"आत्या, रब्बींनी परवानगी दिलीय..."

"कसली परवानगी? झालं काय ते सांग!"

"बाबा आत पडलेत. दार बंद..."

पुढचं काकूने ऐकलंच नाही. टेबलाखालून हत्यारांची पेटी ओढली आणि चप्पल न घालता निघाली. रस्त्यातली माणसं बघत होती, काकू शब्बाथच्या दिवशी पेटी घेऊन पळते आहे. बघू देत. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा रब्बी दाराला कान लावून आतल्या माणसाशी बोलत होते, "आलो हं, आलो, ऐकतोयस ना?" आपणच बसवलेल्या कुलपाला काकूने आयुष्यात पहिल्यांदा शिव्या घातल्या. मग पेटीतून कुलूप उघडायचा आकडा काढला. आकडा आत गेला, फिरला, दार उघडलं.

भाऊ यंत्राशेजारी जमिनीवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळे उघडे. रुग्णवाहिका तेवढ्यात आलीच.

जीव वाचला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टर हात पुसत सहज म्हणाले, "आणखी थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता." डॉक्टर असं बोलतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. भाचा मागेच उभा होता.

दवाखान्याच्या बोळात त्याने आत्याला सगळं सांगितलं. जिन्यावर उभा राहिल्याचं, विचारायला गेल्याचं, न धावल्याचं.

"भरभर चाललास?" काकू म्हणाली. "भरभर?"

तिच्या ओठांवर जे आलं होतं ते त्या बोळातल्या सगळ्या बाकांना ऐकू गेलं असतं. तिने बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढराफटक होईल असं बोलणं म्हणजे त्याचं रक्त सांडण्यासारखं, हेही आजीनेच शिकवलेलं. राग गिळता गिळता तिला ठसका लागला. भाचा पाणी आणायला गेला तर तिने त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी रब्बी प्रार्थनाघरात बोलायला उभे राहिले. नेहमी ते पुस्तक समोर ठेवून बोलत. त्या दिवशी पुस्तक मिटलेलंच होतं.

"गेल्या आठवड्यात एकाने माझ्या दारात येऊन विचारलं, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडू का?" ते म्हणाले. "जुन्या जाणत्यांनी सांगून ठेवलंय, अशा वेळी ज्याच्याकडे विचारायला यावं लागतं, लाज त्याची. म्हणजे माझी. इतकी वर्षं मी तुम्हाला शब्बाथला कोणती गाठ मारावी आणि कोणती मारू नये ते शिकवत बसलो. हे नाही शिकवलं. आज शिकवतो. जीव जातोय असं नुसतं वाटलं तरी मोडा. आधी मोडा. मुलांवर ढकलू नका, शेजाऱ्यावर ढकलू नका, स्वतः करा, आणि जो आपल्यात सगळ्यात मोठा समजला जातो त्याने सगळ्यात पुढे व्हावं. नंतर कळलं की उगाच मोडला, तर त्याचं पापही नाही. ह्यापुढे हे विचारायला माझ्या दारात कोणी येऊ नका."

त्यांनी नाव घेतलं नाही. विचारणाऱ्याबद्दलही जुन्या जाणत्यांनी म्हटलं आहे, आणि ते फार कडक आहे: विचारत बसणारा रक्त सांडतो. ते रब्बींनी गाळलं. पण पुस्तकात बुडालेल्या माणसाला ते पाठ होतं. भाचा मागच्या बाकावरून उठून बाहेर गेला.

त्यानंतर त्याने वेगळंच आरंभलं. उपास धरले. सकाळची प्रार्थना दुप्पट लांबवली. वडील दवाखान्यातून घरी आले, तर त्यांच्यासाठी पाव, सूप, धुतलेले कपडे, सगळं बायकोच्या हाती पाठवायचा आणि आपण खाली रस्त्यावर उभा राहायचा. वर यायचा नाही. भाचेसून बिचारी जिने चढून-उतरून हैराण. लोक भावाला विचारायचे, कसं झालं, कोणाला आधी कळलं, दार कोणी उघडलं. भाऊ डावा हात हलवून सांगायचा, आठवत नाही.

काकूचा राग अजून निवला नव्हता, पण तिच्या लक्षात आलं होतं की असंच चाललं तर एकाच घरातली दोन माणसं आपापल्या जागी वाळून जातील. भाऊ खिडकीशी, भाचा रस्त्यावर. हे ती होऊ देणार नव्हती. एकदा तिने मनात घेतलं की घेतलं. दुकान बंद करून ती सरळ भाच्याच्या शाळेत गेली. शिक्षकांच्या खोलीत तो एकटाच वह्या तपासत होता, गाल बसलेले.

"उपास कोणासाठी चाललेत?"

"देवाकडे माफी मागतोय, आत्या."

"देवाचा हात गेलाय का?"

त्याने हातातली वही मिटली.

"रब्बींना विचारलंस? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, ही वरच्या साहेबाच्या टेबलावरची फाइलच नाही. माणसाचा गुन्हा केला असेल तर तो माणूस माफ करेपर्यंत वर कोणी हात लावत नाही. खालच्या खिडकीवर जा म्हणाले."

"मग? खिडकी उघडी आहे. दिवसभर तिथेच बसलेला असतो तो."

"त्यांना माहीत नाही, आत्या. त्यांना वाटतंय मी देवासारखा धावून आलो. सांगितलं तर..."

"तर सांग," काकू म्हणाली. "न सांगता मिळवलेली माफी काय कामाची? मी येते, रब्बी येतील, तुझी बायको येईल. एकट्याने जायचं नसतं म्हणतात, माणसं सोबत न्यायची. नेऊ या. पण तोंड तू उघडायचंस."

ते चौघे एका संध्याकाळी वर गेले. भाऊ खुर्चीत बसला होता, यंत्रावर चादर घातलेली, लाकडी धडावर कोट तसाच, एक बाही लावलेली, एक नाही. भाच्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज फुटत होता, पण त्याने काही गाळलं नाही. न धावल्याचंही सांगितलं.

"माहीत... आहे," भाऊ म्हणाला.

भाच्याने एकदम वर पाहिलं.

"तू दार... वाजवलंस. मी हाक... मारली. मग पावलं... खाली गेली." एकेक शब्द त्याला तोंडातून ढकलून काढावा लागत होता. "हळू... गेली."

काकूला आत्ता कळलं. इतके दिवस हा माणूस सगळ्यांना आठवत नाही सांगत होता. त्याला सगळं आठवत होतं. मुलाचं नाव कोणाच्या तोंडी येऊ नये म्हणून तो गप्प होता, आणि आतल्या आत जळत होता.

"मला माफ करा, बाबा," भाचा म्हणाला.

"नाही."

रब्बींनी मान खाली घातली. भाचेसून रडायला लागली. काकू सगळ्यांना खाली पोचवून परत वर आली आणि भावासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, हे काय? पोरगं एवढं..."

"खोटं... हो... म्हणू?"

काकूने कमरेवरचे हात खाली सोडले. "मला तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तू... त्याला... फाडून खाल्लं असतंस." भावाच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. काकूलाही हसू आलं, आणि मग ती त्याच्या डाव्या खांद्यावर डोकं टेकवून मोठ्याने रडली. भाऊ तिच्या केसांतली पितळेची पूड झटकत राहिला.

काही दिवसांनी ते पुन्हा गेले. भाच्याने पुन्हा मागितली. भावाने धडावरच्या कोटाकडे बोट केलं. "ती बाही... कोण... लावणार?" भाच्याने कोटाकडे पाहिलं. "नाही," भाऊ म्हणाला, दुसऱ्यांदा.

आता काकूला खरी भीती वाटू लागली. कारण तिला नियम माहीत होता. माफी तीनदा मागायची. तिसऱ्यांदाही समोरच्याने नाही म्हटलं तर मागणारा मोकळा. मग दोष नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावर. भाचेसून तर म्हणालीच, "एकदा तिसरं झालं की सुटू आम्ही. फार झालं हो आत्या, माणूस अर्धा झालाय." तिचंही खोटं नव्हतं. पण सुटू ह्या शब्दाने काकूचा जीव खालीवर झाला. सुटेल आणि जाईल. एकदा हिशेब पुरा झाला की भाचा ह्या जिन्याची पायरी चढणार नाही, आणि दादा कधी बोलावणार नाही.

तिने भावाला गाठलं. "दादा, परवा ते येतील. तिसऱ्यांदा नाही म्हणालास तर पाप तुझ्या डोक्यावर बसेल, ठाऊक आहे ना?"

"बसू... दे."

"आणि पोरगं जाईल."

भावाने खिडकीबाहेर पाहिलं. "आतून... येत नाही... धाकटे. काय करू?"

काय करणार? दाराला आकडा घालून उघडता येतं. माणसाला घालता येत नाही. काकू घरी जाऊन तशीच बसून राहिली, तो शब्बाथही नव्हता तरी.

ठरलेल्या दिवशी रब्बी आले, काकू आली, भाचेसून आली. भाचा शाळेतून परस्पर आला, खांद्याला वह्यांची पिशवी. भाऊ खुर्चीत ताठ बसला होता, चेहऱ्यावरूनच कळत होतं की उत्तर बदललेलं नाही.

भाच्याने पिशवी खाली ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि वडिलांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला.

"मी आज मागणार नाही," तो म्हणाला.

"अरे!" भाचेसून म्हणाली.

"मागितलं आणि बाबा नाही म्हणाले तर मी मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नाही." त्याने वडिलांचा निर्जीव हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "डॉक्टरांनी हा रोज चोळायला सांगितलाय. मी रोज येईन. मागणार मात्र नाही."

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. हात काढून घेता येत नव्हता, तो त्याच्या ऐकण्यात नव्हताच.

जिना उतरताना काकूने रब्बींना विचारलं, "हे नियमात बसतं का हो?"

रब्बी दोन पायऱ्या उतरले, थांबले. "शोधतो," म्हणाले. "नाही सापडलं तर पुन्हा शोधतो."

भाचा रोज येऊ लागला. शाळा सुटली की यायचा, हात चोळायचा, बोटं एकेक करून उघडायचा, मिटायचा. पहिले काही दिवस बापलेकांत एक शब्द नाही. मग भाऊ खेकसू लागला. जोरात चोळतोस. हळू चोळतोस. दुसरं काम नाही का तुला? भाचा ऐकून घ्यायचा. एका शनिवारी तो आला तेव्हा भाऊ म्हणाला, "आज... शब्बाथ. चोळणं... चालतं?"

"नाही विचारलं," भाचा म्हणाला आणि चोळू लागला.

काकू कोपऱ्यात चहाच्या कपाआड तोंड लपवून हसली. मग तिला एकदम दिसलं की भाऊसुद्धा हसतोय. लगेच त्याने तोंड फिरवलं.

असे बरेच दिवस गेले. थंडी गेली. हातात काही जीव आला नाही. धडावरचा कोट गिऱ्हाइकाने तसाच मागून दुसऱ्या शिंप्याकडे नेला, आणि त्या दिवशी भाऊ संध्याकाळपर्यंत कोणाशीच बोलला नाही. भाचा तरीही आला. नुसत्या लाकडी धडाकडे त्याने एकदा पाहिलं, खाली बसला, हात मांडीवर घेतला. काकू खिडकीच्या कडीला तेल घालत होती, कारण तिला दुसऱ्याच्या घरात स्वस्थ बसवत नाही.

"विचार," भाऊ म्हणाला.

भाच्याने मान वर केली. "काय?"

"माफ... करता का. विचार."

"नाही, बाबा."

"विचार... म्हणतो ना!"

"तुम्ही नाही म्हणालात तर..." भाच्याचा आवाज चिरकला. "मला यायचंय इथे. मी नाही विचारणार."

भावाने डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. काकू तेलाची बाटली तशीच धरून उभी राहिली.

"जिथं विचारायचं... नव्हतं... तिथं विचारायला गेलास. आता बाप... विचार म्हणतोय... तर..." त्याला दम लागला. "गाढवा... विचार!"

भाच्याने एक बोट उघडलं, मिटलं. मग त्याने माफी मागितली. तेच शब्द, पहिल्या दिवशी म्हटले होते तसेच, फक्त आवाज अगदी खाली.

भावाने आधी त्या हाताकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"हा... परत येणार नाही," तो म्हणाला. "तरी... हो."

भाच्याने मान खाली घातली. हात चोळायचं त्याने थांबवलं नाही.